तक्ता चार

“साहेब, यात तक्ता चार कुठाय?”

वळवीबाईंनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं की बागूल साहेबांनी आधी ऐकलंच नाही. ते बिस्किटांचा पुडा फोडत होते. आंबेसरी धरणाच्या विश्रामगृहात आम्ही चौघं बसलो होतो. जूनचा पंधरवडा उलटून गेला तरी पावसाचा पत्ता नव्हता, वीज गेली होती, आणि खिडकीतून धरणाची मातीची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होती.

“कसला तक्ता?” साहेब म्हणाले.

बाईंनी पानावर बोट ठेवलं आणि वर्गात वाचतात तसं खणखणीत वाचलं. “‘पूल ओलांडण्यापूर्वी तक्ता चार पाहावा.’ मी सगळी पानं उलटून बघितली. तक्ते तीनच आहेत.”

ती पुस्तिका मी तयार केली होती.

शेवंता वळवी धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या मुलींच्या आश्रमशाळेच्या मुख्याध्यापिका. चौथे होते गुलाबनाना, शेजारच्या दहेल गावचे सरपंच, पांढरी टोपी मांडीवर ठेवून शांत बसलेले. आणि बागूल साहेब धरणाचे उपअभियंता. धरणाला काही झालं तर खालच्या गावांनी काय करायचं, याची पुस्तिका छापून तयार होती. ती गावकऱ्यांना समजते की नाही हे पाहायला मला नाशिकहून बोलावलं होतं. म्हणजे कागदोपत्री तसं होतं. खरं तर दोन सह्या घ्यायच्या, चहा प्यायचा आणि उठायचं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय हो मॅडम? छपाईची चूक ना?”

आता हा तक्ता कुठे गेला ते सांगायचं, तर आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं.

नाशिकला एका औषधाच्या दुकानाच्या वर अष्टपुत्रे सरांचं ऑफिस होतं. आम्ही माहितीपुस्तिका लिहायचो. मिक्सरच्या, पंपांच्या, पिठाच्या गिरण्यांच्या. लोक त्या वाचत नाहीत, हे मला लग्नाच्या बैठकीतसुद्धा ऐकवलं गेलं होतं. असो. एकाच मिक्सरची चार मॉडेलं असली तर चार पुस्तिका वेगळ्या लिहीत बसायचं नसतं. एकच मास्टर फाइल करायची, जे जे लिहायचं ते सगळं तिच्यात लिहायचं, आणि ज्या मॉडेलचं वाक्य असेल त्या मॉडेलचा रंग त्याला द्यायचा. तीन जारचा निळा, दोन जारचा हिरवा. मग हवा तो रंग चालू ठेवून बाकीचे बंद केले की त्या मॉडेलची पुस्तिका तयार. बंद केलेली वाक्यं नाहीशी होतात. मध्ये रिकामी जागा राहत नाही, पानांचे आकडेसुद्धा आपोआप जुळून येतात. वाचणाऱ्याला कळतच नाही की इथे काही होतं. बिनरंगी ठेवलेला मजकूर मात्र सगळ्यांना जातो.

या धंद्यात एकच पाप असतं. तक्ता बंद करायचा आणि ‘तो तक्ता पाहा’ हे वाक्य चालू राहू द्यायचं. दोन जारच्या पुस्तिकेत तिसऱ्या जारचा उल्लेख राहिला की गिऱ्हाईक दुकानदाराच्या उरावर बसतं, जार द्या म्हणून. सर याला ‘मोकळा दोरा’ म्हणायचे. त्यांनी उभ्या आयुष्यात एक दोरा मोकळा सोडला नव्हता. एका स्वल्पविरामासाठी त्यांनी माझ्याकडून अख्खी पुस्तिका पुन्हा छापून घेतली होती, आणि वर “रडू नकोस, कागद ओला होतो” असं म्हणाले होते. मी त्यांच्यावर चिडायचे आणि त्यांच्यासारखं व्हायला धडपडायचेही.

धरणाचं काम आलं तेव्हा रंग तीनच होते. अधिकाऱ्यांचा लाल, धरणावरच्या कर्मचाऱ्यांचा निळा, गावांचा हिरवा. तक्ता चार मी बिनरंगी ठेवला होता. बांध फुटला तर कोणत्या गावात पाणी किती वेळात पोहोचेल, एवढंच त्या तक्त्यात होतं. त्याखाली दोन ओळी होत्या: ज्यांना तेवढ्या वेळात पूल ओलांडून होणार नाही त्यांनी पुलाकडे जाऊ नये, अलीकडच्याच काठावर उंच बरड आहे तिथे चढावं.

विश्रामगृहातल्या बैठकीच्या आठवडाभर आधी बागूल साहेब आमच्या ऑफिसात आले, मसुदा चाळला आणि त्या पानावर थांबले.

“हा तक्ता लाल करा,” ते म्हणाले. “अधिकाऱ्यांपुरता.”

“आणि गावांना?” सरांनी विचारलं.

“गावांना कशाला? भोंगा वाजला की देवटेकडीवर जायचं. तिथे देवळाची ओवरी आहे, पक्का रस्ता आहे, आमच्या गाड्या पोहोचतात.”

“पण वेळ कळली नाही तर टेकडी गाठता येईल की नाही, हे त्यांना समजणार कसं?”

“अष्टपुत्रे, तुम्ही भले माणूस आहात. वेळ छापून दिली की दुसऱ्या दिवशी माझ्या दारात मोर्चा. पुनर्वसन करा, जमिनीला भाव द्या. निस्तरणार कोण? आणि धरण काय फुटणारे का?”

“फुटणार नसेल तर पुस्तिका कशाला काढताय?”

“वरून आदेश आहे म्हणून.” साहेब हसले, पण त्यांनी घड्याळही पाहिलं. “जमत नसेल तर सांगा. धुळ्याला एक जण अर्ध्या पैशात करून देतोय.”

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “प्रणिता, कर लाल.”

मी केलं. तक्ता लाल केला, खालच्या दोन ओळी लाल केल्या. पुलाच्या परिच्छेदातलं ‘तक्ता चार पाहावा’ हे वाक्यही लाल केलं, असं मला तेव्हा वाटत होतं. संध्याकाळी निघताना सर म्हणाले, “फाइल माझ्याकडे राहू दे. छापायला देण्याआधी एकदा नजर टाकतो.” त्यात नवीन काही नव्हतं. ते नेहमीच टाकायचे.

आणि आता ते वाक्य वळवीबाईंच्या बोटाखाली होतं.

“मॅडम, तुम्हाला विचारतोय,” साहेब म्हणाले. “चूक ना?”

“वाक्य चुकून राहिलंय,” मी म्हणाले. मला तेच खरं वाटत होतं, आणि लाजेने माझे कान तापले होते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गणित चुकलेल्या मुलीकडे पाहावं तसं, न रागावता. “वाक्य चुकून राहिलं, म्हणजे तक्ता चुकून गेलेला नाही. तो मुद्दाम काढला. असंच ना?”

“बाई, शब्दाचा कीस पाडू नका,” साहेबांचा आवाज चढला. “भोंगा वाजला की पूल ओलांडून देवटेकडी. एवढं मुलींकडून पाठ करून घ्या. त्या वाक्यावर मी पट्टी मारून देतो, सगळ्याच प्रतींवर. झालं समाधान?”

“आमाले काय साहेब,” गुलाबनाना पहिल्यांदाच बोलले. “सरकारी पुस्तकात जे असंल ते करू.”

“हे बघा, याला म्हणतात समजूतदारपणा.”

साहेबांनी शिपायाला हाक मारली. त्याने पांढऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापल्या, डिंकाची बाटली आणली आणि व्हरांड्यात मांडी घालून प्रती पुढ्यात घेतल्या. एका वाक्यावर एक पट्टी, वरून अंगठा फिरवायचा, पुढची प्रत. गुलाबनानांची प्रत त्याने सगळ्यात आधी केली. नानांनी ती उन्हाकडे धरून पाहिली, पट्टी नीट बसली का म्हणून, आणि समाधानाने पिशवीत घातली.

बाईंनी मात्र आपली प्रत त्याच्याकडे दिलीच नाही. “राहू द्या, पट्टी मी शाळेत लावून घेईन,” म्हणाल्या आणि पदराखाली धरून उठल्या. मग मला म्हणाल्या, “ताई, साहेबांची जीप निघायला वेळ आहे. चला, आमची शाळा बघून या.”

आम्ही धरणाच्या पायथ्याने चालत निघालो. आजूबाजूचे डोंगर भाजून निघालेले, पायाखाली फुफाटा. आणि बांधाच्या उजव्या अंगाला, अगदी बुडाशी, हिरव्यागार गवताचा एक पट्टा. तीन-चार म्हशी त्यात पोटापर्यंत उभ्या होत्या.

मी थांबले. “इथे एवढं हिरवं कसं?”

“बाराही महिने असतं,” बाई म्हणाल्या. “मी इथे आले तेव्हा चटईएवढं होतं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, सगळ्याच धरणांचं थोडं मुरतं.”

त्या पुढे चालू लागल्या. मला मात्र पाय उचलावासा वाटेना. गवतातून चालताना चपलेखाली पचपच आवाज येत होता. मी वर पाहिलं. एवढा मोठा मातीचा ढीग, आणि त्याच्या पलीकडे पाणी, आणि आपण त्याच्या अलीकडे उभे आहोत, हे मला तोवर फक्त लाल आणि हिरव्या रंगात माहीत होतं. मी घाबरले. लेखी सगळं माझ्या हाताखालून गेलेलं होतं आणि मी तिथे उभी राहून पहिल्यांदा घाबरले.

शाळा नदीच्या अगदी काठाला होती. मधल्या सुट्टीत मुली नळाजवळ ताटं धूत होत्या. “सगळ्या मिळून एकशे दहा,” बाई म्हणाल्या. “पहिलीतल्या आल्या की चार दिवस नुसत्या रडतात. मग मला सोडत नाहीत.” खरोखरच दोन मुली येऊन त्यांच्या पातळाला चिकटल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

शाळेसमोरून वाट पुलाकडे जात होती. अरुंद, बुटका पूल, कठडा एकाच बाजूला. पलीकडे शेताडी, आणि तिच्याही पलीकडे, लांब, देवटेकडी. बाई पुलाच्या तोंडाशी थांबल्या.

“मागल्या वर्षी मी तालीम घेतली होती,” त्या म्हणाल्या. “मोठ्या मुलींनी लहानींचे हात धरले, रांगेनं नेलं. कोणी पडलं नाही, कोणी रडलं नाही. इथून टेकडीवर जाईपर्यंत पाऊण तास लागला.”

मी पुलाची लांबी नजरेने मोजली.

“ताई, तुमची नोकरी आहे. मी तुम्हाला आकडा विचारत नाही. तक्ता आहे का नाही, एवढंच सांगा.”

“आहे.”

“त्यात आमच्या शाळेची वेळ आहे?”

“आहे.”

“पाऊण तासापेक्षा जास्त, की कमी?”

पुलाखाली नदीत पाणी नव्हतं. नुसते गोटे होते आणि एक फाटकी टोपली अडकलेली.

“कमी,” मी म्हणाले. “बाई, खूप कमी. पूलसुद्धा ओलांडून होणार नाही.”

त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मग त्यांनी पुलाकडे पाठ केली आणि शाळेच्या मागे पाहिलं. गोठ्याच्या पलीकडे काळ्या खडकांचं बरड होतं, काटेरी, बोडकं. ना देऊळ ना रस्ता.

“तक्त्याखाली ते बरडच लिहिलंय,” मी म्हणाले.

“तिथे साप फार आहेत,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून साफ करायला घेते.” आणि थोड्या वेळाने, “दहेलहूनही टेकडीला याच पुलावरून जावं लागतं. नानांना मी सांगते.”

नाशिकला परत आल्यावर मी सरांसमोर उभी राहिले. “सर, दोरा मोकळा राहिला. पुलाच्या वाक्याचा. माझी चूक झाली.”

मला वाटलं आता माझी चांगलीच हजेरी घेतली जाणार. सरांनी मान वर केली नाही. “असू दे,” ते म्हणाले. “होतं कधी कधी.”

स्वल्पविरामासाठी रडवणारा माणूस! मी मनात म्हटलं, सर म्हातारे व्हायला लागले.

ऑगस्टमध्ये आंबेसरी धरण उजव्या अंगाकडून फुटलं. दुपारची वेळ होती. मी पंपाच्या एका पुस्तिकेवर काम करत होते, खाली औषधाच्या दुकानात टीव्ही लागला होता आणि कोणीतरी जिन्यावरून ओरडून सांगितलं. मी शाळेचा फोन लावला. लागला नाही. संध्याकाळपर्यंत लावत राहिले. सर आपल्या टेबलाशी तसेच बसून होते, घरी गेले नाहीत. मी दर वेळी रिसीव्हर खाली ठेवला की ते माझ्याकडे बघायचे.

तिसऱ्या दिवशी बाईंचाच फोन आला, कुठल्याशा तहसील कचेरीतून.

“मुली बरडावर होत्या,” त्या म्हणाल्या. “सगळ्या. जेवणाची ताटं तशीच टाकून पळाल्या. शाळा गेली.”

मी सरांकडे बघून मान डोलावली. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला रडू आवरेना.

“बाई, आणि दहेल?”

“भोंगा नीट वाजला ताई. पहिल्यांदाच एवढा नीट वाजला. दहेलची माणसं भोंगा ऐकून लगेच निघाली. मी नानांना तीनदा सांगितलं होतं, घरी जाऊन सांगितलं होतं. ते म्हणाले, बाई, सरकारी पुस्तकात पूल लिहिलाय, तुमचं ऐकू का पुस्तकाचं? आम्ही बरडावरून बघत होतो. मुली ओरडत होत्या, परत फिरा, परत फिरा. पाण्याच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? नाना सगळ्यांच्या पुढे होते. पोरांना मोजत चालले होते.”

किती माणसं होती ते मी इथे लिहीत नाही. आकडा सांगितला की लोक चुकचुकतात आणि पुढे वाचतात.

चौकशी बसली ती दिवाळीनंतर. तालुक्याच्या गावी, एका बंद पडलेल्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर. सरांना आणि मला साक्षीला बोलावलं होतं. सरांनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि गाडीत संपूर्ण रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत होते.

आमच्या आधी बागूल साहेबांची साक्ष झाली. त्यांनी हात वर केले. मजकूर कंत्राटदाराने तयार केला, म्हणाले, आम्ही फक्त वाटला.

चौकशी अधिकारी वयस्कर होते, हळू बोलायचे. त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीतून एक पुस्तिका बाहेर काढून टेबलावर ठेवली. चिखलाने फुगलेली, वाळून कडक झालेली. दहेलच्या सरपंचांच्या पिशवीत सापडलेली. अधिकाऱ्यांनी ती अलगद उघडली आणि आमच्याकडे फिरवली.

पाण्याने डिंक सुटला होता. पट्टी गेली होती. ‘पूल ओलांडण्यापूर्वी तक्ता चार पाहावा.’ एवढं एकच वाक्य त्या पानावर स्वच्छ वाचता येत होतं, कारण पट्टीने त्याला चिखलापासून झाकून ठेवलं होतं.

“गावांच्या प्रतीत तक्ता चार नाही,” अधिकारी म्हणाले. “पण हे वाक्य आहे. हे चुकून राहिलं का?”

मी बोलायला तोंड उघडलं. हो, माझ्या हातून राहिलं, हे मी वाटेत दहा वेळा घोकलं होतं.

“नाही,” सर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“या मुलीने ते वाक्य लाल केलं होतं. बरोबर केलं होतं. रात्री मी फाइल उघडली आणि त्या वाक्याचा रंग काढून टाकला. कोणीतरी विचारेल, तक्ता कुठाय म्हणून, एवढ्यासाठी. ते चुकून राहिलेलं नाही. मी ठेवलं होतं.”

टेबलाची कड मी गच्च धरली. तेवढ्या महिन्यांत मी त्या वाक्याबद्दल स्वतःला किती बोल लावले होते ते मलाच ठाऊक. आणि आता ते कोणाचं आहे हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. मला राग आला. असा राग मला सरांचा कधीच आला नव्हता.

बाहेर पडल्यावर जिन्यात मी त्यांना थांबवलं.

“मग तक्ताच ठेवायचा होता, सर! सरळ बिनरंगी ठेवायचा होता. एक वाक्य ठेवून काय झालं?”

त्यांनी कठडा धरला. “तक्ता ठेवला असता तर काम धुळ्याला गेलं असतं. त्याने वाक्यही ठेवलं नसतं.” ते थांबले. “असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.”

“आणि आता?”

ते दोन पायऱ्या उतरले. मग वळून त्यांनी विचारलं, “शाळेत मुली किती होत्या म्हणालीस?”

“एकशे दहा.”

“एकशे दहा,” त्यांनी मान हलवली. ओठ हलवून तो आकडा पुन्हा एकदा म्हटला. “आणि पुलावर?”

त्यांना माहीत होतं. वर चौकशीत सगळी नावं वाचून दाखवली होती. तरी ते माझ्याकडे बघत उभे राहिले, मी सांगेन म्हणून. मी त्यांच्या शेजारून खाली उतरले आणि गाडीत जाऊन बसले.